जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील निसर्ग व वारसास्थळे

जुन्नर व आंबेगाव हे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील उत्तरेकडील दोन लगतचे तालुके आहेत. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडील सपाट मुलखापर्यंत त्यांचा विस्तार आहे. जुन्नर हे शहर कुकडी नदीच्या काठी, पुण्याच्या उत्तरेस सुमारे ९५ किमी. अंतरावर वसले आहे. आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय घोड नदीवरील घोडेगाव येथे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे जन्मस्थान असलेला शिवनेरी किल्ला, सातवाहनकालीन शिलालेखामुळे विख्यात झालेला नाणेघाट, जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील बौद्ध लेणी, लेण्याद्री व ओझर ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने, भीमाशंकरचे अभयारण्य आणि खोडद येथील रेडिओ दुर्बीण ही या परिसरातील प्रमुख स्थळे होत. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला.

हा प्रदेश समुद्रकिनाऱ्यावर नसला, तरी त्याची जडणघडण किनाऱ्याशी असलेल्या संबंधातून झाली आहे. कल्याण, सोपारा व चौल या कोकणातील बंदरांतून देशावर येणारा माल सह्याद्रीतील घाटवाटांनी चढत असे व या वाटांच्या माथ्यावरील पहिली मोठी पेठ जुन्नर ही होती. घाटांवरील टाकी, वाटांवर नजर ठेवणारे किल्ले, व्यापाऱ्यांच्या दानातून खोदली गेलेली लेणी आणि शहरातील मध्ययुगीन वास्तू यांचा उलगडा या व्यापारी मार्गांच्या संदर्भातच होतो.

भूगोल व भूरचना

दोन्ही तालुके दख्खनच्या पठारावर असून येथील खडक बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले. त्यांतील काही थर कठीण, तर काही तुलनेने मऊ आहेत. मऊ थरांची झीज लवकर होते व कठीण थर उभ्या कड्यांच्या रूपाने शिल्लक राहतात. सपाट माथा आणि भोवती तुटलेले कडे ही शिवनेरी, चावंड, हडसर इत्यादी डोंगरांची ठेवण यामुळेच निर्माण झाली. किल्ल्यासाठी लागणारा नैसर्गिक तट आणि लेण्यांसाठी लागणारा उभा खडक या दोन्ही गोष्टी येथे एकाच डोंगरात सापडतात.

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या कुकडी, पुष्पावती, मीना व घोड या नद्या पूर्वेकडे वाहतात. त्यांचे पाणी घोड नदीमार्गे अखेरीस भीमेला मिळते. या नद्यांच्या खोऱ्यांना ‘नेर’ अशी जुनी संज्ञा असून कुकडनेर, मिननेर, घोडनेर व भीमनेर ही नावे त्यावरून रूढ झाली. पश्चिमेकडील डोंगराळ भागात पाऊस अतिशय जास्त पडतो व तेथे भात हे मुख्य पीक आहे. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो. त्या भागात धरणांच्या पाण्यावर ऊस, टोमॅटो, द्राक्षे व कांदा ही पिके घेतली जातात. नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ प्रसिद्ध आहे.

कल्याण–अहिल्यानगर मार्गावरील आणे घाटात गुळुंचवाडी येथे मळगंगा देवीच्या मंदिराजवळ ओढ्याच्या प्रवाहाने खडक पोखरून तयार झालेला नैसर्गिक दगडी पूल आहे. बेसाल्टमधील अशी रचना क्वचितच आढळते. कुकडीच्या काठी बोरी येथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला असून त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. ही राख इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. ती सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकातील की त्याहून कितीतरी प्राचीन, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भारतातील मानवी वस्तीचे प्राचीनत्व ठरविण्याशी हा प्रश्न निगडित असल्याने बोरीला पुरातत्त्वात महत्त्व आले आहे.

इतिहास

जुन्नर हे नाव ‘जीर्णनगर’ या शब्दावरून आले असे परंपरेने मानले जाते. प्राचीन ग्रीक ग्रंथांतील ‘तगर’ हे नगर म्हणजे जुन्नर, असे मत पूर्वी काही अभ्यासकांनी मांडले होते. आता तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर हे मत सर्वमान्य आहे. तथापि सातवाहन काळात जुन्नर हे मोठे नगर होते, हे तेथील लेणी व शिलालेख यांवरून निर्विवादपणे सिद्ध होते.

सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाराच्या स्वामित्वासाठी जो संघर्ष झाला, त्यात हा प्रदेश काही काळ क्षत्रप नहपानाच्या ताब्यात होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदरात येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात असल्याचा उल्लेख आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडलेली, नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा उमटविलेली नाणी हा त्याचा पुरावा होय.

मध्ययुगात जुन्नर बहमनी राज्यातील एक महत्त्वाचे ठाणे होते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरून घाटमार्गे जुन्नरला आला व पावसाळाभर तेथे राहिला. त्याने विक्रीसाठी आणलेला घोडा तेथील सुभेदाराने काढून घेतला आणि परत हवा असल्यास धर्मांतर करण्याची अट घातली, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. घोडा त्याला पुढे परत मिळाला. अरबी घोडे समुद्रमार्गे आणून दख्खनमध्ये विकण्याच्या तत्कालीन व्यापाराचे हे एक प्रत्यक्षदर्शी चित्र आहे.

इ. स. १४९० मध्ये मलिक अहमद याने बहमनी सत्तेपासून स्वतंत्र होऊन जुन्नर येथे निजामशाहीची स्थापना केली. काही वर्षांतच राजधानी नव्याने वसविलेल्या अहमदनगरला गेली. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने निजामशाही सावरून धरली, त्या काळात जुन्नरला पुन्हा राजकीय महत्त्व प्राप्त झाले. शहाजीराजांनी निजामशाही टिकविण्यासाठी केलेला अखेरचा प्रयत्न १६३६ मध्ये संपुष्टात आला व त्या वेळच्या तहानुसार जुन्नर, जीवधन, चावंड, हडसर, हरिश्चंद्रगड इत्यादी ठिकाणे मोगलांच्या स्वाधीन करावी लागली. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या जुन्नर ठाण्यावर छापा घालून घोडे व द्रव्य हस्तगत केले. मात्र आपले जन्मस्थान असलेला शिवनेरी त्यांना हयातीत स्वराज्यात आणता आला नाही. अठराव्या शतकात तो मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १८१८ मध्ये या भागातील अन्य किल्ल्यांसह इंग्रजांकडे गेला.

नाणेघाट

नाणेघाट जुन्नरच्या पश्चिमेस सुमारे ३५ किमी. अंतरावर, घाटघर गावाजवळ आहे. घाटाच्या पायथ्याशी ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव आहे. खडक फोडून केलेली अरुंद खिंड, दगडी पायऱ्या आणि वाटेवरील पाण्याची टाकी हे त्याचे प्राचीन अवशेष आजही पाहावयास मिळतात. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण असून जकातीची नाणी त्यात टाकली जात, अशी लोकसमजूत आहे. घाटाशेजारचा सुळक्यासारखा कडा ‘नानाचा अंगठा’ या नावाने ओळखला जातो.

खिंडीच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील दीर्घ शिलालेख आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची प्रथम नोंद केली. हा लेख सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी नागनिका हिचा मानला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची व त्या प्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नाणी या दक्षिणेची नोंद आहे. संख्या लिहिण्यासाठी त्यात स्वतंत्र चिन्हे वापरलेली असून भारतीय अंकलेखनाच्या जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते.

लेण्याच्या मागील भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. प्रत्येक मूर्तीच्या वर तिचे नाव होते. सिमुक सातवाहन, देवी नागनिका व श्री सातकर्णी, महारठी त्रणकयिर आणि राजकुमार यांची नावे आजही वाचता येतात. मूर्ती मात्र नष्ट झाल्या असून केवळ काहींच्या पावलांच्या खुणा उरल्या आहेत. राजाच्या दानकर्माची नोंद मंदिरात वा राजधानीत न करता जकातीच्या खिंडीत का केली असावी, याचे उत्तर या जागेतच आहे. कोकणातून देशावर येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला व तांड्याला या लेण्यासमोरून जावे लागे.

नाणेघाटाचा वापर पुढेही दीर्घकाळ होत राहिला. मुंबईतील ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेला डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ मध्ये मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून कल्याणमार्गे जुन्नरला आला. जाताना वाट चुकून तो दुसऱ्या अवघड घाटाने चढला व परतताना नाणेघाटाने उतरला. पावसाळ्यात कोकणातून येणाऱ्या जोरदार वाऱ्यामुळे येथील कड्यावरून कोसळणारे पाणी पुन्हा वर उडते. हा ‘उलटा धबधबा’ पाहण्यासाठी अलीकडे मोठी गर्दी होते.

बौद्ध लेणी

जुन्नरच्या चहूबाजूंच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी असून एकाच गावाच्या परिसरात एवढ्या संख्येने लेणी असल्याचे उदाहरण भारतात दुर्मिळ आहे. इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत त्यांचे खोदकाम होत राहिले. ती प्रामुख्याने हीनयान परंपरेतील असल्याने त्यांत बुद्धमूर्ती नाहीत. उपासनेचे केंद्र स्तूप हेच आहे. वेरूळ-अजिंठ्याप्रमाणे येथे शिल्पवैभव नाही. भिक्षूंच्या साध्या खोल्या, दगडी बाक, पाण्याची पोढी व चैत्यगृहे असे त्यांचे स्वरूप आहे.

लेण्याद्री : शहराच्या उत्तरेस सुमारे ५ किमी. अंतरावरील या डोंगरात एका रांगेत सुमारे ३० लेणी आहेत. सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह हे जुन्नर परिसरातील सर्वांत रेखीव चैत्यगृहांपैकी एक असून त्याच्या स्तंभशीर्षांवर हत्ती, सिंह इत्यादी प्राणी कोरलेले आहेत. तेथील लेखानुसार ते कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. बंदरातील कुटुंबाने घाटावर चैत्यगृह कोरवून घ्यावे, यावरून दोन्ही स्थळांतील दळणवळणाची कल्पना येते. सातव्या क्रमांकाच्या विहाराचा प्रशस्त मंडप एकाही खांबाचा आधार नसलेला आहे. याच विहारात गिरिजात्मज गणेशाचे स्थान आहे. अष्टविनायकांपैकी डोंगरातील लेण्यात असलेले हे एकमेव स्थान होय.

तुळजा लेणी : शहराच्या पश्चिमेकडील या समूहातील चैत्यगृहाची रचना वर्तुळाकार आहे. मध्यभागी स्तूप, त्याभोवती १२ साधे अष्टकोनी खांब आणि त्यांवर घुमटाकार छत अशी ही योजना असून पश्चिम भारतातील कोरीव लेण्यांत ती अपवादात्मक मानली जाते. लाकडी वा गवती छपराच्या गोल वास्तूचे दगडातील हे अनुकरण आहे. हा समूह जुन्नरच्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक समजला जातो.

मानमोडी : शहराच्या दक्षिणेकडील या डोंगरात भीमाशंकर, अंबा-अंबिका व भूतलेणी असे तीन समूह आहेत. भीमाशंकर समूहात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी व मंडप दान केल्याचा लेख आहे. नहपानाच्या कालगणनेच्या चर्चेत या लेखाला मोठे स्थान आहे. अंबा-अंबिका समूहातील काही लेण्यांत नंतरच्या काळात जैन मूर्ती कोरल्या गेल्या व त्यांतील अंबिकेवरून समूहाला हे नाव मिळाले. भूतलेण्यातील अपूर्ण चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीत हत्तींसह लक्ष्मीची आकृती आहे. तेथेच चंद नावाच्या यवनाने हे ‘गर्भद्वार’ दान केल्याचा लेख आहे.

शिवनेरी : किल्ल्याच्या कड्यांतही लेण्यांचे समूह आहेत. त्यांतील एका चैत्यगृहाच्या छतावर प्राचीन रंगकामाचे अंश टिकून आहेत. वीरसेनक नावाच्या गृहपतीने सर्व लोकांच्या हितसुखासाठी ते दान केल्याचे लेखात म्हटले आहे.

लेण्यांतील दात्यांमध्ये राजपुरुषांपेक्षा सामान्य नागरिक व व्यावसायिक यांची संख्या अधिक आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी दिल्याचा उल्लेख आढळतो. बुरूड व कासार यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून संघाचा खर्च भागविण्याची व्यवस्था एका लेखात नोंदविली आहे. शेतांच्या व झाडांच्या दानाचेही उल्लेख आहेत. चंदाखेरीज इरिल व चित हे आणखी दोन यवन दाते लेखांतून ज्ञात होतात. ते ग्रीक वंशाचे होते की पश्चिमेकडून आलेल्या परकीयांना सरसकट यवन म्हटले जाई, हे निश्चित सांगता येत नसले, तरी बौद्ध संघाला दान देण्याइतके ते येथील समाजात मिसळले होते, हे स्पष्ट आहे.

किल्ले

शिवनेरी : १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म या किल्ल्यावर झाला. किल्ल्यावर जाणाऱ्या मुख्य वाटेवर एकापाठोपाठ सात दरवाजे आहेत. शिवाई देवीचे मंदिर, अंबरखाना म्हणजे धान्याचे कोठार, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव, कमानी मशीद, जन्मस्थानाची इमारत, जिजाबाई व बाल शिवाजी यांच्या पुतळ्यांचे शिवकुंज हे स्मारक आणि कडेलोटाचे टोक ही गडावरील प्रमुख स्थळे होत. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठाव करणाऱ्या महादेव कोळ्यांचा शिरच्छेद येथील एका चौथऱ्यावर करण्यात आला, अशी परंपरा असून त्या जागी त्यांचे स्मरण केले जाते. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांत शिवनेरीचा अंतर्भाव आहे.

जीवधन, चावंड व हडसर : नाणेघाटाकडून जुन्नरकडे येणाऱ्या मार्गाच्या रक्षणासाठी या किल्ल्यांचा उपयोग होत असे. जीवधन ऐन घाटमाथ्यावर असून त्याच्या शेजारी ‘वानरलिंगी’ हा गिर्यारोहकांना आव्हान देणारा सुळका आहे. गडावर खडकात कोरलेले कोठार आहे. निजामशाहीच्या अखेरच्या काळात बालराजा मुर्तझा याला येथे ठेवले होते, असे सांगितले जाते. चावंडचे शिवकालीन नाव प्रसन्नगड असून तेथे खडकात कोरलेली सलग सात टाकी आहेत. हडसर अथवा पर्वतगड त्याच्या कातळात खोदलेल्या वाटेसाठी व दरवाजांसाठी प्रसिद्ध आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी सुरुंग लावून या किल्ल्यांच्या पायऱ्या उद्ध्वस्त केल्या. त्यामुळे त्यांची चढण काही ठिकाणी अवघड आहे.

यांखेरीज निमगिरी, हनुमंतगड, सिंदोळा व नारायणगड हे किल्ले जुन्नर तालुक्यात आहेत. अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेवरील हरिश्चंद्रगडावर जाणारी तोलार खिंडीची वाट जुन्नर तालुक्यातील खिरेश्वर गावातून सुरू होते. खिरेश्वर येथील नागेश्वर मंदिर छतावरील कोरीव कामासाठी उल्लेखनीय आहे.

मंदिरे व अन्य वास्तू

कुकडीच्या उगमाजवळ पूर या गावी कुकडेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. नद्यांच्या उगमस्थानी १२ शिवालये बांधणाऱ्या शिलाहार राजा झंझ याच्याशी परंपरेने त्याचा संबंध जोडला जातो. ओझर येथील विघ्नेश्वराचे मंदिर कुकडीच्या काठी असून चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर त्याच्या शिखरावर सोन्याचा मुलामा चढविला, अशी आख्यायिका आहे. ओतूर येथे मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराचे मंदिर आणि संत तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. श्रावणातील सोमवारी तेथे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचल्या जातात. आळे येथे संत ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याची समाधी असल्याची श्रद्धा आहे. मंचर व बेल्हे येथील दगडी बारवा मध्ययुगीन जलव्यवस्थेचे नमुने होत.

जुन्नर शहराजवळ हापूसबाग येथे निजामशाही काळातील हबशी महाल व सौदागर घुमट या वास्तू आहेत. हापूसबाग हे नाव ‘हबशी बाग’ याचे रूपांतर मानले जाते. समुद्रमार्गे आलेल्या आफ्रिकी वंशाच्या सरदारांचे वास्तव्य व ‘सौदागर’ म्हणजे व्यापारी हे नाव, या दोन्हींतून शहराचे किनाऱ्याशी असलेले नाते सूचित होते. जुन्नरी कागद एके काळी महाराष्ट्रभर वापरला जात असे. यंत्रनिर्मित कागद आल्यावर हा व्यवसाय लोप पावला. नारायणगाव हे तमाशा फडांचे प्रमुख केंद्र असून विठाबाई नारायणगावकर यांच्यामुळे त्याचे नाव सर्वदूर पोहोचले.

भीमाशंकर व आहुपे परिसर

१२ ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे भीमाशंकर आंबेगाव तालुक्याच्या सीमेलगत खेड तालुक्यात आहे. मंदिराच्या आवारातील पोर्तुगीज घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आल्याचे सांगितले जाते. येथील सुमारे १३१ चौ. किमी. क्षेत्राला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू ही या अरण्याची ओळख होय. शेकरू ही मोठी खार झाडावरच घरटी बांधते व शक्यतो जमिनीवर न उतरता फांद्याफांद्यांवरून संचार करते. त्यामुळे सलग जंगल तुटले, की तिचा वावर खुंटतो. पावसाळ्यात कुजलेल्या लाकडावर वाढणारी व रात्री मंद प्रकाश देणारी बुरशी या अरण्यात आढळते.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकावरील आहुपे येथून कोकणात उतरणारी जुनी पायवाट असून कड्यावरून गोरखगड व मच्छिंद्रगड दिसतात. आहुपे येथील देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले वन गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. या भागात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती असून भातशेतीबरोबर हिरडा गोळा करणे हे त्यांच्या उपजीविकेचे साधन आहे.

धरणे, विस्थापन व दुर्घटना

कुकडी प्रकल्पांतर्गत येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही पाच धरणे बांधण्यात आली. त्यांच्या पाण्यामुळे पूर्वेकडील कोरडवाहू मुलूख बागायती झाला. त्याची किंमत पश्चिमेकडील डोंगरी गावांना मोजावी लागली. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगाव हे गावच बुडाले. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते आज पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर जुन्या वस्तीचे अवशेष उघडे पडतात. विस्थापितांपैकी अनेक आदिवासी कुटुंबे जलाशयाच्या काठीच राहिली व त्यांनी पाणी ओसरलेल्या जमिनीवरील गाळपेर शेती आणि सहकारी तत्त्वावरील मासेमारी यांचा आधार घेतला. जलाशयाला आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे जन्मलेले व १९३० मध्ये मुंबईत परदेशी मालाविरुद्धच्या सत्याग्रहात प्राण गमावलेले हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव देण्यात आले आहे.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीत आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला. या दुर्घटनेत दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. गावाचे पुढे अन्य जागी पुनर्वसन करण्यात आले. मुरलेल्या पाण्याने मातीचा थर सैल होणे व उताराच्या नैसर्गिक रचनेत झालेले बदल यांची या संदर्भात चर्चा झाली. सह्याद्रीच्या तीव्र उतारांवरील वस्ती, रस्ते व सपाटीकरण यांचा विचार करताना माळीणचे उदाहरण आजही दिले जाते.

बिबट्यांचा वावर ही येथील आणखी एक गंभीर समस्या आहे. बारमाही उसाच्या शेतांत बिबट्यांना लपण्यास व पिले वाढविण्यास जागा मिळाली आणि त्यांचा मानवी वस्तीशी संघर्ष वाढला. जखमी व पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे.

वैज्ञानिक केंद्रे

नारायणगावजवळ खोडद येथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली. तिच्यात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या असून त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात, तर उरलेल्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात दूरवर पसरल्या आहेत. सर्व तबकड्यांचे संदेश एकत्र करून सुमारे २५ किमी. विस्ताराच्या एकाच दुर्बिणीचे काम साधले जाते. शहरी रेडिओ गोंगाटापासून दूर असणे व भोवतालच्या डोंगरांचा आडोसा ही जागा निवडण्याची प्रमुख कारणे होती. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, येथे विद्यार्थ्यांसाठी विज्ञान प्रदर्शन भरते. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीच्या वेळी दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येण्याचा प्रश्न उपस्थित झाला होता. नारायणगावजवळील आर्वी येथे १९७१ मध्ये विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. भारताचे परदेशांशी दूरसंचाराचे दळणवळण वाढविण्यात त्याचा मोठा वाटा होता.

जतनाचे प्रश्न

शिवनेरी, लेण्याद्री यांसारखी प्रमुख स्थळे वगळता अनेक लेणी व किल्ले दुर्लक्षित आहेत. मानमोडी व तुळजा येथील लेण्यांत पावसाचे पाणी झिरपते व वटवाघळांचा वावर आहे. नाणेघाटातील शिलालेखाची अक्षरे वाऱ्यापावसाने झिजत असून त्याचा काही भाग पूर्वीच नाहीसा झाला आहे. पर्यटकांनी भिंतींवर नावे कोरणे हा उपद्रव येथेही आढळतो. लेखाच्या अक्षरांवर एकदा ओरखडा उठला, की तो मजकूर कायमचा जातो व जुन्या ठशांवर किंवा छायाचित्रांवर विसंबावे लागते. लेण्याद्री हे एकाच वेळी संरक्षित स्मारक व जागते देवस्थान असल्याने तेथे भाविकांची सोय आणि वास्तूचे रक्षण यांचा मेळ घालावा लागतो. पावसाळी पर्यटनामुळे घाटमाथ्यावरील गावांना रोजगार मिळतो. त्याचबरोबर कचरा, वाहनांची कोंडी व कड्यांवरील अपघात यांत भर पडली आहे.

दळणवळण

जुन्नर रेल्वेमार्गावर नाही. पुणे–नाशिक महामार्गावरील नारायणगाव येथून जुन्नर सुमारे १५ किमी. आहे. मुंबईकडून कल्याण–मुरबाड–माळशेज घाटमार्गे येता येते. घोडेगाव व भीमाशंकरकडे जाणारा रस्ता याच महामार्गावरील मंचर येथून फुटतो. धबधबे व घाटमाथा पाहण्यासाठी जून ते सप्टेंबर, तर लेणी व किल्ले पाहण्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा असतो. पावसाळ्यात जीवधन, चावंड व हडसर यांच्या कातळवाटा निसरड्या होत असल्याने त्या काळात चढाई टाळणे इष्ट ठरते.